युद्धकाळ, वार्ताहर आणि अनुबोधपट

युद्धाची बातमी ज्याच्यामुळे आपणांपर्यंत येते तो मनुष्य त्या बातमीत सहसा दिसत नाही. वर्तमानपत्रात त्याच्या नावाची एक ओळ असते. वार्तापटात तीही नसते. पडद्यावर रणगाडे चालतात, पूल कोसळतात, निर्वासितांच्या रांगा सरकतात, आणि हे सर्व जणू कोणी न टिपताच आपोआप आपल्या पुढ्यात आले आहे, असा भास उत्पन्न होतो. हा भास कसा घडविला जातो आणि एखाद्या अनुबोधपटाने वार्ताहरालाच आपला विषय केले म्हणजे तो भास कसा व कितपत मोडतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ चित्रपटाच्या अभ्यासकाचा नाही. युद्धकाळात नागरिकाने काय मानावे हे पुष्कळ अंशी त्याला काय दाखविले गेले यावर अवलंबून असते. आणि काय दाखविले गेले हे कोणाला कोठे उभे राहू दिले यावर.

संज्ञांविषयी प्रथम थोडा खुलासा करणे इष्ट होईल. ‘वार्तापट’ म्हणजे ताज्या घटनांची आठवड्या-पंधरवड्याने चित्रगृहात दाखविली जाणारी फीत. ‘अनुबोधपट’ म्हणजे वास्तव सामग्रीची हेतुपूर्वक रचना करून केलेला, काही एक म्हणणे मांडणारा चित्रपट. पहिल्याचे आयुष्य बातमीइतकेच असते. दुसऱ्यास बातमीकडे मागे वळून पाहण्याची सवड असते, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही सवड हाच त्या दोहोंतील खरा भेद होय. या दोन्ही प्रकारांची सरमिसळ आपल्याकडे इतकी झाली आहे की सरकारी वार्तापटालाच अनुबोधपट म्हणण्याची रीत पडून गेली. तिचे कारण पुढे येईलच.

मराठी माणसाचा या कलेशी संबंध आरंभापासूनचा आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाच्या स्वागताचे. या दुसऱ्या फितीस भारतातील पहिला वार्तापट म्हणण्याची प्रथा आहे. परंतु आपल्या विषयाचा धागा सावेदादांपेक्षा नाशिकच्या फाळक्यांकडे अधिक स्पष्टपणे सापडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाल्यावर त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. १९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. युद्धाचा परिणाम त्यांना सर्वप्रथम जाणवला तो कोणत्याही रणभूमीवर नव्हे, तर कच्च्या फिल्मच्या व भांडवलाच्या टंचाईत. फिल्म परदेशातून येत असे; जहाजे युद्धाच्या कामी लागली; भांडवलदारांनी हात आखडता घेतला. मोठा कथापट काढणे अशक्य झालेल्या या काळात त्यांनी काही लहान फिती केल्या. त्यांतच १९१७ ची ‘चित्रपट कसे तयार करतात’ ही फीत येते. तिचा काही भाग आज शिल्लक आहे. त्यात फाळके स्वतः नटांना सूचना देताना आणि फिल्म हाताळताना दिसतात.

या फितीचा युद्धाच्या बातम्यांशी काही एक संबंध नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि विषयापुरता तो खरा आहे. परंतु पद्धतीच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. चित्र दाखविणाऱ्याने स्वतःस चित्रात आणणे, पडद्यावर जे दिसते ते कोणी तरी आपल्या हातांनी, साधनांनी व निवडीने तयार केलेले असते हे प्रेक्षकांपुढे उघड करणे, ही गोष्ट त्यात आहे. झिगा व्हेर्तोव्हने आपल्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ या प्रसिद्ध चित्रपटात हेच तत्त्व १९२९ मध्ये फार मोठ्या प्रमाणावर उपयोजिले. फाळक्यांनी ते काही तात्त्विक भूमिकेतून केले असे म्हणणे धाडसाचे होईल. आपल्या धंद्याची माहिती लोकांस व्हावी इतकाच त्यांचा हेतू असावा. त्याच सुमारास, १९१७-१८ मध्ये, ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटांविषयी लेखमाला लिहिली, तिच्यामागील ओढही हीच दिसते. ज्या काळी युरोपातील सरकारे कॅमेऱ्यामागील माणूस झाकण्याच्या उद्योगात होती, त्याच काळी नाशिकमध्ये एक मनुष्य त्याला उघडपणे पडद्यावर आणीत होता, एवढे मात्र नमूद करण्याजोगे आहे.

युरोपातील तो उद्योग कसा चालला होता, याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९१६ चा ‘द बॅटल ऑफ द सोम’ हा ब्रिटिश चित्रपट. जेफ्री मॅलिन्स व जॉन मॅक्डॉवेल या दोघा कॅमेरामननी फ्रान्समधील रणभूमीवर त्याचे चित्रण केले. इंग्लंडमध्ये पहिल्या काही आठवड्यांतच कोट्यवधी प्रेक्षकांनी तो पाहिला. त्यातील सर्वांत गाजलेले दृश्य म्हणजे खंदकातून सैनिक वर चढतात, आणि त्यांतील काही तेथेच कोसळतात. हे दृश्य प्रत्यक्ष हल्ल्याचे नसून आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागी मुद्दाम घडवून आणलेले होते, असे पुढील संशोधनाने दाखवून दिले. चित्रपटाचा उरलेला बराच भाग अस्सल आहे आणि म्हणूनच प्रश्न बिकट होतो. खोटे दृश्य खऱ्या दृश्यांच्या शेजारी बसते तेव्हा ते त्यांच्या विश्वासावर जगते. त्या काळी कॅमेरा जड असे, तो तिवईवर उभा करावा लागे, हल्ल्याच्या क्षणी तो खंदकाबाहेर नेणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण. तेव्हा जे टिपणे अशक्य होते ते रचले गेले. परंतु प्रेक्षकास ही अशक्यता कोणी सांगितली नाही. सांगितली असती तर त्यास युद्धाविषयी अधिकच कळले असते, असे वाटते.

दुसऱ्या महायुद्धात भारतात या सर्व गोष्टींना कायद्याची चौकट मिळाली. सरकारने १९४० मध्ये फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन केले. व्ही. शांताराम यांनीही काही काळ त्याचे प्रमुख निर्माते म्हणून काम पाहिले. १९४३ मध्ये त्या बोर्डाच्या जागी ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ ही संस्था आली आणि तिच्याबरोबर ‘इंडियन न्यूज परेड’ हा वार्तापट. त्याच वर्षी भारत संरक्षण नियमांत ४४-अ हा नियम घालण्यात आला. त्यान्वये प्रत्येक चित्रगृहास आपल्या खेळात सुमारे २००० फूट सरकारमान्य फिल्म दाखविणे भाग पडले. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात १६ चौकटी असतात आणि बोलपट सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने धावतो. म्हणजे मिनिटाला ९० फूट. २००० फुटांचा हिशेब बावीस मिनिटांचा होतो. प्रत्येक खेळास येणाऱ्या प्रेक्षकाने आपल्या मनोरंजनाआधी बावीस मिनिटे सरकारचे युद्ध पाहावे, अशी ही व्यवस्था होती. तिचा खर्च चित्रगृहांच्या वेळेतून, पर्यायाने प्रेक्षकाच्या तिकिटातून निघत होता.

या वार्तापटांची घडण कशी असे, हे लक्षात घेतल्यावाचून पुढील विवेचन समजणार नाही. रणभूमीवरील कॅमेरामन बहुधा ‘आयमो’सारखा हातात धरता येणारा, चावीवर चालणारा कॅमेरा वापरी. त्यात शंभर फुटांचे रीळ बसे, म्हणजे एका रिळात मिनिटाहून थोडेसेच अधिक चित्रण. या कॅमेऱ्यात ध्वनी नोंदविण्याची सोय नव्हती. तोफांचा आवाज, लष्करी वाद्ये, निवेदकाचा भारदस्त स्वर हे सर्व मागाहून, मुंबईच्या वा लंडनच्या ध्वनिशाळेत चढविले जाई. तात्पर्य, जो मनुष्य घटनेच्या ठिकाणी होता त्यास आवाज नव्हता आणि ज्याला आवाज होता तो घटनेच्या ठिकाणी नव्हता. वार्ताहराचे वार्तापटातून नाहीसे होणे हे केवळ धोरणाचे फळ नव्हते. यंत्राच्या रचनेतच त्याला आधार सापडला होता. धोरणाने त्या संधीचा भरपूर लाभ घेतला, हे अर्थात वेगळे.

आणि वार्तापटात काय नव्हते? मुंबईत १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेले काँग्रेस रेडिओ हे भूमिगत केंद्र नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी पकडले. युद्धकाळातील वार्तावहनाचा याहून अस्सल विषय शोधून सापडणार नाही. परंतु त्याचे चलच्चित्र कोणी घेणे शक्यच नव्हते. बंगालच्या दुष्काळाची दाहकता देशापुढे मांडली ती ‘स्टेट्समन’ने २२ ऑगस्ट १९४३ रोजी छापलेल्या स्थिर छायाचित्रांनी. बावीस मिनिटांच्या सक्तीची अंमलबजावणी सुरू होत होती ती त्याच दिवसांत. एका संपादकाच्या निर्णयाने जे साधले ते संपूर्ण चित्रयंत्रणेने केले नाही, ही तुलना बोलकी आहे.

जाता जाता एका गोष्टीचा उल्लेख करावासा वाटतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ च्या डिसेंबरात चीनमध्ये निवर्तले. त्यांच्यावरील शांतारामबापूंचा १९४६ चा चित्रपट सर्वांस ठाऊक आहे. तो ख्वाजा अहमद अब्बास या वृत्तपत्रकाराच्या पुस्तकावर आधारलेला होता हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी नसते. तो कथापट असल्याने येथे त्याचा अधिक विचार करण्याचे प्रयोजन नाही.

युद्ध संपल्यावर जे घडले ते मोठे विलक्षण आहे. मध्यवर्ती विधिमंडळातील लोकपक्षाच्या सभासदांना ही संस्था परकीय सरकारचे प्रचारयंत्र वाटत होती, आणि ते चूक नव्हते. १९४६ मध्ये तिचे अनुदान तोडण्यात आले व ती बंद पडली. परिणामी १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्याचा सोहळा चित्रित करण्यास सरकारजवळ स्वतःचे पथकच उरले नव्हते! तो प्रसंग टिपला तो डॉ. पी. व्ही. पथी यांच्यासारख्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांनी आणि परदेशी वार्तापट-कंपन्यांनी. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली तेव्हा जुन्या व्यवस्थेचे दोन्ही खांब नव्या इमारतीत जसेच्या तसे आले : सरकारी निर्मिती आणि चित्रगृहांवरील सक्तीचे प्रदर्शन. प्रारंभी ज्या सरमिसळीचा उल्लेख केला तिचे मूळ येथे आहे. स्वतंत्र भारताच्या कित्येक पिढ्यांनी ‘अनुबोधपट’ म्हणून जे पाहिले ते मुख्य चित्रपटापूर्वीची ही अपरिहार्य फीतच होय. या संस्थेने नामांकित कलावंत घडविले, याविषयी वाद नाही. परंतु युद्धाच्या बातमीची चिकित्सा तिच्याकडून होणे तिच्या रचनेतच बसत नव्हते. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली.

चीनशी झालेल्या १९६२ च्या युद्धाच्या बाबतीत ही उणीव फारच तीव्रतेने जाणवते. त्या युद्धाशी नाशिकचा संबंध राजकीय स्वरूपाचा आहे. पराभवाच्या छायेत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. पराभवाच्या लष्करी कारणांची चौकशी करणारा हेंडरसन-ब्रुक्स अहवाल त्यांच्याच कारकीर्दीत तयार झाला. त्याविषयी त्यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेत निवेदन केले, परंतु मूळ अहवाल प्रसिद्ध झाला नाही. अशा स्थितीत वार्ताहरांची पुस्तके हाच अभ्यासकांचा आधार ठरला. डी. आर. मानकेकर हे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर युद्धवार्ताहर होते. त्यांनी १९६८ मध्ये ‘द गिल्टी मेन ऑफ १९६२’ लिहिले. लंडन ‘टाइम्स’चे दिल्लीतील वार्ताहर नेव्हिल मॅक्सवेल यांनी १९७० मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि अहवालाचा काही भाग २०१४ मध्ये आंतरजालावर खुला केला. ग्रंथ झाले, परंतु त्या शरद ऋतूत वार्ताहरांना काय पाहू दिले, काय लिहू दिले, त्यांची तार कोणाच्या मेजावर अडली, हा एका उत्कृष्ट अनुबोधपटाचा विषय होता. त्यातील माणसे हयात असताना तो हाती घेतला जाणे अगत्याचे होते.

१९७१ च्या बांगलादेश युद्धात मात्र चित्र पालटते, आणि येथे विषय बेळगावपर्यंत येऊन पोहोचतो. अँथनी मास्करेन्हस यांचा जन्म १९२८ साली बेळगावात एका गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबात झाला. शिक्षण व व्यवसाय कराचीत. तेथील ‘मॉर्निंग न्यूज’ या पत्राचे ते उपसंपादक-वर्गातील ज्येष्ठ पत्रकार. एप्रिल १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने आठ पत्रकारांना दहा दिवसांच्या दौऱ्यावर पूर्व बंगालात नेले. हेतू असा की तेथे सर्व काही शांत आहे असे त्यांनी लिहावे. सात जणांनी तसे लिहिले. मास्करेन्हस यांनी लिहिले नाही. बहिणीच्या आजारपणाचे निमित्त करून ते लंडनला गेले, ‘संडे टाइम्स’चे संपादक हॅरल्ड एव्हान्स यांना भेटले आणि परत कराचीला आले, कारण पत्नी व पाच मुले तेथेच होती. त्यांना आधी बाहेर काढून, सांकेतिक तारेने निरोप देऊन, ते स्वतः सरहद्द ओलांडून पायी अफगाणिस्तानात गेले. १३ जून १९७१ रोजी त्यांचा वृत्तान्त ‘जेनोसाइड’ या एकाच शब्दाच्या मथळ्याखाली प्रसिद्ध झाला.

या प्रकरणात युद्धवार्तेचे अवघे शास्त्र सामावले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. लष्कराबरोबर नेलेला वार्ताहर पुष्कळ पाहतो. किंबहुना मास्करेन्हस यांनी जे पाहिले ते लष्कराने बरोबर नेले म्हणूनच त्यांना दिसले. अधिकारी त्यांच्यासमक्ष मोकळेपणाने बोलले, कारण ते त्यांना आपले समजत होते. तेव्हा परवानगीने मिळालेले दर्शन असत्यच असते असे नाही. दर्शन आणि प्रसिद्धी यांच्यामध्ये जी वाट आहे तीवर सत्य अडविले जाते. आणि ती वाट चालण्याचे मोल या माणसाने घर, गाव व नोकरी देऊन चुकविले.

त्याच वर्षी झहीर रायहान यांनी कलकत्त्यात राहून ‘स्टॉप जेनोसाइड’ हा सुमारे वीस मिनिटांचा अनुबोधपट केला. त्याच्या कामात आलमगीर कबीर हे पत्रकार त्यांचे सहकारी होते. मिळेल तेथून मिळविलेले चित्रतुकडे, निर्वासितांचे चेहरे, छायाचित्रे यांची ही रचना आहे. साधने तुटपुंजी, पण म्हणूनच त्यात वार्तापटाचा गुळगुळीतपणा नाही. आपल्याकडे सुखदेव यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘नाइन मन्थ्स टू फ्रीडम’ १९७२ मध्ये पूर्ण केला. सरकारी चौकटीतही धाडसी मनुष्य काय करू शकतो, याचे ते उदाहरण होय. रायहान यांची कथा मात्र येथे संपत नाही. त्यांचे वडीलबंधू शहीदुल्ला कैसर हे कादंबरीकार आणि ‘संवाद’ या दैनिकातील पत्रकार होते. युद्ध संपण्यास अवघे दोन दिवस उरले असता, १४ डिसेंबर १९७१ रोजी, ढाक्यातून त्यांना पळवून नेण्यात आले. त्यांच्या शोधार्थ ३० जानेवारी १९७२ रोजी रायहान मीरपूरला गेले. तेही परत आले नाहीत. एक पत्रकार आणि एक अनुबोधपटकार, दोघे सख्खे भाऊ, जवळजवळ सात आठवड्यांच्या अंतराने नाहीसे झाले.

यानंतरच्या काळात यंत्र बदलले आणि यंत्राबरोबर प्रश्नही बदलला. हलका सोळा मिलिमीटरचा कॅमेरा व त्याच्याशी जुळवून चालणारे ध्वनिमुद्रण-यंत्र आल्यामुळे घटनास्थळी असलेल्या माणसाला आवाज मिळाला. पुढे चित्रफीत आली, दूरचित्रवाणी आली, आणि उपग्रहामुळे घटना व तिचे प्रक्षेपण यांतील काळच नाहीसा झाला. १९९९ च्या कारगिल युद्धाची दृश्ये भारतीय घरांत रोज येत होती. आनंद पटवर्धन यांचा ‘जंग और अमन’ (२००२) हा दीर्घ अनुबोधपट पोखरणच्या अणुचाचण्यांपासून निघून याच वातावरणाचा वेध घेतो. विजयोत्सवाची भाषणे, मिरवणुका व शस्त्रांची प्रदर्शने तो सविस्तर दाखवितो, आणि नंतर कॅमेरा खेतोलाईसारख्या खेड्यातील माणसांकडे वळवितो, ज्यांच्याकडे उत्सवाच्या दिवशी कोणी फारसे फिरकलेले नसते. सेन्सॉर मंडळाने त्यात अनेक काटछाटी सुचविल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये चित्रपट काटछाटीवाचून मोकळा झाला. पटवर्धन यांची मते सर्वांस मान्य व्हावीत असे नाही. पण त्यांच्या चित्रपटात प्रश्न विचारणारा आवाज कॅमेऱ्यामागून स्पष्ट ऐकू येतो. कोण विचारीत आहे याविषयी प्रेक्षक अंधारात राहत नाही.

महाराष्ट्रातील सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण मात्र २००८ च्या नोव्हेंबरातील मुंबईवरील हल्ल्याचे आहे. ते औपचारिक अर्थाने युद्ध नव्हते. परंतु वार्ता आणि शस्त्र यांचा असा साक्षात् संबंध दुसरीकडे क्वचितच दिसेल. डॅन रीड यांचा ‘टेरर इन मुंबई’ (२००९) हा अनुबोधपट हल्लेखोर व सीमेपलीकडील त्यांचे सूत्रधार यांच्या दूरध्वनीवरील संभाषणांच्या ध्वनिमुद्रणाभोवती गुंफलेला आहे. ती संभाषणे ऐकताना एक गोष्ट उलगडते : सूत्रधार दूरचित्रवाणी पाहत आहेत. वाहिन्यांवर जे दिसते त्यावरून ते मारेकऱ्यांना बाहेर काय चालले आहे ते सांगतात, धीर देतात, आज्ञा करतात. ज्या थेट प्रक्षेपणास आपण नागरिकांसाठी असलेली माहिती समजत होतो त्याचा एक प्रेक्षक असाही होता. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब प्रकरणातील निकालात याच संभाषणांच्या आधारे वाहिन्यांच्या वर्तनावर कडक ताशेरे ओढले. भाषणस्वातंत्र्याच्या नावाखाली त्याचे समर्थन करता येणार नाही, असे म्हटले. मार्च २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण निषिद्ध ठरले. अशा वेळी नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच वार्तांकन मर्यादित झाले.

या नियमामागील कारण नाकारता येत नाही. परंतु अभ्यासकाने त्याचा दुसरा परिणामही पाहिला पाहिजे. ‘नियुक्त अधिकारी’ हा एकमेव उगम झाला की आपण पुन्हा १९४३ च्या वाटेवर येतो. फरक इतकाच की तेव्हा सरकारी दृश्य सक्तीने दाखविले जाई, आणि आता त्याखेरीज दुसरे दाखविता येत नाही. आणि केवळ थेट प्रक्षेपण बंद केल्याने वाहिन्यांना संयम येतो असेही नाही. एप्रिल २०२५ मध्ये लष्करी हालचालींचे थेट वार्तांकन करू नये अशी सूचना केंद्र सरकारने दिली होती. तरीही मे महिन्यातील चार दिवसांच्या संघर्षात अनेक वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्यासारख्या खोट्या बातम्या रात्रभर सांगितल्या. रीड यांच्या चित्रपटाने वाहिन्यांचा दोष दाखविला, पण वाहिनीच्या कार्यालयात तो चित्रपट शिरत नाही. तेथे निर्णय कोणी, कोणत्या घाईत, कोणाच्या स्पर्धेपायी घेतला, हे अद्याप पाहावयाचे राहिले आहे.

ते काम अन्यत्र काही प्रमाणात झाले आहे. जेहान नूजैम यांचा ‘कंट्रोल रूम’ (२००४) हा २००३ च्या इराक युद्धात ‘अल् जझीरा’ वाहिनीच्या कार्यालयात व कतारमधील अमेरिकन लष्कराच्या वृत्तकेंद्रात एकाच वेळी वावरतो. त्यातील सर्वांत मोलाचा क्षण रणांगणावरील नाही. जॉश रशिंग नावाचा एक तरुण अमेरिकन लष्करी प्रवक्ता कबूल करतो, की स्वपक्षीय मृतांची दृश्ये पाहून आपल्याला जे मळमळले ते आदल्या रात्री इराकी मृतांची दृश्ये पाहताना झाले नव्हते, आणि या भेदानेच आपण अस्वस्थ झालो. प्रवक्त्याच्या तोंडून निघालेले हे वाक्य कोणत्याही पत्रकार-परिषदेत ऐकू आले नसते. त्यासाठी आठवडेच्या आठवडे शेजारी बसून राहणारा कॅमेरा लागतो. विनय शुक्ल यांचा ‘व्हाइल वी वॉच्ड’ (२०२२) याच रीतीने दिल्लीतील रवीश कुमार यांच्या वृत्तकक्षात बसतो. २०१९ मधील पुलवामा-बालाकोटचे युद्धज्वराचे दिवस त्यात येतात. सहकारी एकेक करून सोडून जातात, निरोपाचे केक पुनःपुन्हा कापले जातात. या लहान गोष्टींतून वृत्तसंस्थेची झीज जशी कळते तशी ती आकड्यांतून कळत नाही.

पद्धतीच्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखा म्हणून ‘ट्वेंटी डेज इन मारिउपोल’ (२०२३) या मस्तिस्लाव चेर्नोव्ह यांच्या अनुबोधपटाचा उल्लेख केला पाहिजे. असोसिएटेड प्रेसचे हे युक्रेनी पथक २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वेढलेल्या मारिउपोल शहरात होते. चित्रण करणे ही अर्धीच कामगिरी. ते बाहेर पाठविण्यासाठी संपर्काची लहर कोठे मिळते याचा शोध ही उरलेली अर्धी. चेर्नोव्ह एखादा प्रसंग प्रथम सलग दाखवितात, स्वतःच्या धापांसह व हेलकाव्यांसह. मग त्याच प्रसंगाचे जगभरच्या वाहिन्यांवर प्रक्षेपित झालेले काही सेकंदांचे तुकडे दाखवितात. ९ मार्चच्या प्रसूतिगृहावरील हल्ल्यानंतर ही दृश्ये बनावट असल्याचा दावा रशियाने केला. त्या दाव्यास चित्रपट युक्तिवादाने नव्हे तर कच्च्या चित्रणाच्या लांबीने उत्तर देतो. सोमच्या खंदकातील दृश्यास शंभर वर्षांपूर्वी ही कसोटी लावता आली असती तर ते टिकले नसते.

विद्यार्थ्यांनी अशा चित्रपटांचा अभ्यास करताना निवेदनाकडे कमी व पुढील गोष्टींकडे अधिक लक्ष द्यावे, असे सुचवावेसे वाटते. दृश्याच्या वेळी कॅमेरा कोणाच्या बाजूला आणि किती अंतरावर उभा आहे? तेथे तो कोणाच्या परवानगीने गेला? ध्वनी त्याच ठिकाणचा आहे की मागाहून चढविलेला? तुकडा कापला त्याच्या आधी व नंतर काय होते, हे कळण्यास काही मार्ग आहे काय? आणि ज्या पत्रकाराचे चित्रण झाले त्याला ते आपलेसे वाटते काय? हा शेवटचा प्रश्न गौण नव्हे. ‘रायटिंग विथ फायर’ (२०२१) हा ‘खबर लहरिया’च्या स्त्री-पत्रकारांवरील अनुबोधपट ऑस्करच्या अंतिम यादीत पोहोचला, आणि मार्च २०२२ मध्ये त्याच पत्राने जाहीर निवेदन काढून आपले चित्रण अपुरे व एकांगी असल्याचे म्हटले. ज्यांचा व्यवसायच दुसऱ्यांची कथा सांगण्याचा, त्यांना आपली कथा दुसऱ्याच्या हाती गेल्यावर काय वाटते, याचा हा दुर्मीळ पुरावा आहे. चित्रपटकार व पत्रकार या दोहोंच्या बाजू ऐकूनच त्याचे मूल्यमापन करावयास हवे.

राहता राहिला साधनसामग्रीचा प्रश्न. युद्धकाळातील फिती ज्वालाग्राही नायट्रेटवर असत. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत अशा जुन्या फितींचा मोठा साठा भस्मसात झाला. ‘इन्फर्मेशन फिल्म्स’च्या काही फिती लंडनच्या इम्पीरियल वॉर म्यूझियममध्ये जतन झालेल्या आहेत. परंतु फितीइतकाच महत्त्वाचा असा एक कागद असतो, आणि त्याच्याकडे आपल्याकडे कोणाचेच लक्ष गेलेले नाही. कॅमेरामन प्रत्येक रिळाबरोबर एक टिपण पाठवीत असे : स्थळ, तारीख, दृश्यांचा क्रम, दिसणाऱ्या व्यक्तींची नावे, आणि क्वचित् एखादी नाराजीची ओळ, की अमुक ठिकाणी जाऊ दिले नाही. निवेदनाचा मजकूर याच टिपणावरून लिहिला जाई व त्यात काय गाळले गेले ते दोन्ही कागद शेजारी ठेवताच दिसते. नाशिक, देवळाली, नगर, पुणे या लष्करी छावण्यांच्या परिसरात त्या काळी बातमीदारी वा छायाचित्रण केलेल्यांच्या घरांत अशी टिपणे, पासांचे कागद, परत आलेली कात्रणे जुन्या ट्रंकांत असण्याचा संभव आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी विषय निवडताना, घरे विकली जाण्यापूर्वी व ट्रंका रद्दीत जाण्यापूर्वी, प्रथम या कागदांची यादी करण्याचे काम हाती घ्यावे. कागद ज्या क्रमाने सापडतील त्याच क्रमाने नोंदवावे आणि मागील बाजूची पेन्सिलीतील अक्षरेही उतरवून घ्यावीत.